गोवराची ओळ

…ती काळी गुंडी मधोमध झिजली होती, देवळाच्या पायरीसारखी – आणि तीन वर्षांत ती झिजलीय आपल्या रघूच्या बोटानं, हे नीराबाईच्या आत्ता लक्षात आलं, सही करायला टाक हातात धरल्यावर. गुंडी दाबली की सरावाच्या पेटीतून शिट्टी निघायची, आखूड, लांब, आखूड. त्याला म्हणे मोर्स म्हणतात, आणि ते कानानं ओळखता आलं नाही तर हौशी रेडिओवाल्याला सरकार परवाना देत नाही. रघू तीनदा मुंबईला गेला, तीनदा नापास झाला.

"तोंडानं बोललेलं जातंय ना रेडिओवरून? मग ही शिट्टी कशाला?" त्याचं म्हणणं.

"वाऱ्यात तोंडचं फाटतं, शिट्टी पोचते. तारमास्तर तुकारामांना इचार," ती म्हणायची. "नियम बरोबर हाय. तुझंच ध्यान न्हाय, मेल्या!"

ओटीवर मासळी साफ करता करता तिला सगळं पाठ झालं होतं – दुसरीत शाळा सुटलेल्या तिला. रघूचा एक आखूड ठोका गळला की विळीवरून मान न उचलता ती ओरडे, "परत!" आणि साऱ्या रेवदंड्यात आपल्यासारखा कान कुणाचा नाही, म्हणून मिरवे.

आता हा अर्ज. अठ्ठावन्न साल, तारीख, मग – कानानं अधू असणाऱ्यास मोर्सची अट माफ व्हावी… कारण, आणि खाली आईची सही. तिनं बोट टेकवत अक्षरं जुळवली. ल-हा-न-प-णी गो-व-र…

गोवर. जगाला तिनंच सांगितलेला. रघू सहा वर्षांचा, वलांडीच्या दोरीवर बोंबील वाळत घातलेले, कावळे हाकायला त्याला बसवलेलं – आणि हा चौलच्या रस्त्याला तारेच्या खांबाला उजवा कान लावून उभा, आतली गुणगुण ऐकत, हसत… कावळ्यांनी अर्धी वलांडी नेलेली. मी काही विचारलं नाही. डाव्या कानावर माझा हात पडला तो असा, की उजवा खांबावर आदळला. खांब मात्र गुणगुणतच राहिला. आठवडाभर दोन्ही कान वाहिले. शेजारची आवडाबाई विचारायला आली तेव्हा, "गोवर गं" – किती सहज आलं तोंडात! नवऱ्यालाही तेच सांगितलं, तो मरताना तेच घेऊन गेला. मग ती स्वतःही तेच खरं धरून चालली, इतकी की तीन वर्षं ओरडत राहिली, ध्यान न्हाय, ध्यान न्हाय…

"बरोबर लिवलंय ना, आये?" रघू मोठ्यानं बोलला, तो नेहमीच मोठ्यानं बोलायचा.

"अक्षर चांगलं हाय."

तिनं सही केली. शेवटच्या कान्याला टाक कागदात रुतला.

शाई वाळायला अर्ज खिडकीत ठेवून रघू पेटीशी बसला. रोजचाच धडा. रोजच्याच जागी आखूड ठोका गळला. नीराबाईचं तोंड उघडलं… मिटलं. रघूचं बोट गुंडीवर थांबलं होतं, तिच्या ओरडण्याची वाट पाहत.

"आज जमलं वाटतं, आये!" तो वळून हसला – खांबाशी हसला होता तसा, मार बसायच्या आधी.

व्हय म्हणावं… परत म्हणावं… रघू पुन्हा वाजवू लागला, आता खुशीत, भराभर; तोच ठोका गळत राहिला, आणि नीराबाईला तो प्रत्येक वेळी ऐकू येत राहिला.