हळू फिरलेली मूठ

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, सिनेमाचा, हाताने फिरवायचा. वाल्पाराईसो बंदरावरच्या एका टेकडीवर, निळ्या पत्र्याच्या घरात माझा मुक्काम आहे. ऐन मोक्याच्या क्षणी मी दगा दिला, असे या टेकडीवरचे लोक बत्तीस वर्षे म्हणत आले. मला तोंड असते तर खरे काय ते मी तेव्हाच सांगून टाकले असते. ते नव्हते हे बरेच झाले, पण एवढे कळायला मला फार वर्षे लागली.

माझा जन्म पॅरिसचा. अंग अक्रोडाच्या लाकडाचे, कोपऱ्यांना पितळ, समोर एक डोळा आणि उजव्या कुशीला एक मूठ. मूठ फिरवली की पोटातली फिल्म पुढे सरकते आणि समोरचे जग तिच्यावर उमटते. मूठ थांबली की मी आंधळा. जहाजातून इकडे येताना समुद्राने माझे फार हाल केले. पेटीत भुसा भरपूर होता म्हणून वाचलो.

मला मागवले होते कासिमिरो नावाच्या फोटोग्राफरने. लग्नाचे आणि बारशाचे फोटो काढणारा हा शांत माणूस मी पोचण्याआधीच वारला आणि मी त्याच्या दोन मुलांच्या वाट्याला आलो. थोरली एर्मिनिया बापाच्या फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत वाढलेली, औषधांनी तिची बोटे कायम पिवळी असत. धाकटा लेआन्द्रो कशातच टिकत नसे. उंच, किडकिडीत आणि इतका लवचीक, की याला देवाने हाडे घातली आहेत की नाही अशी शंका यावी. सगळी टेकडी त्याला फिदेओ म्हणायची. फिदेओ म्हणजे शेवई.

"एर्मी, तू हे फिरव, मी समोर पडतो," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"नुसता पडतोस? ते तर तू रोजच करतोस."

"रोज कुणी बघत नाही ना."

माझ्या कामाची सुरुवात अशी झाली. मूठ सेकंदाला दोन फेरे फिरवायची असते. माप चुकू नये म्हणून एर्मिनिया एक चाल गुणगुणत असे. तिची आई कणीक मळताना गुणगुणायची तीच. मूठ जरा हळू फिरवली, की पडद्यावर माणूस असतो त्यापेक्षा चपळ दिसतो. विनोदी सिनेमाचा निम्मा मसाला एवढाच होता आणि तो घालणे फिरवणाऱ्याच्या हातात होते.

सिनेमावाल्यांचा एक रिवाज होता. मूठ फिरत असल्याचा आवाज कानावर आल्याशिवाय विनोदी नट बोटसुद्धा हलवत नसे. फिल्म फिरत नसताना आपटून घेणे त्यांच्यात मूर्खपणाचे मानले जाई. लेआन्द्रोही आधी कान देऊन माझी टकटक ऐके आणि मगच कोलमडे.

आमच्या टेकडीला माणसे वर-खाली नेणारे दोन डबे आहेत. एकाच दोराला बांधलेले, रुळांवरून चढतात आणि उतरतात. एक वर निघाला की दुसरा खाली येतो आणि अर्ध्या वाटेवर दोघे एकमेकांना ओलांडतात. खाली खडकाळ घळ आहे. सव्विसाव्या वर्षी, आपल्या पहिल्याच सिनेमात, लेआन्द्रोने उतरत्या डब्यातून चढत्या डब्यात उडी मारली, तीही हातातली अंड्यांची टोपली न सोडता. बंदराजवळच्या थिएटरात तो सिनेमा लागला तेव्हा पडद्याखाली पियानो वाजवणारी बाई हसता हसता वाजवायची थांबली. मासळीबाजारातल्या बाया त्याच्या पिशवीत एखादा मासा जास्तीचा टाकू लागल्या. पुढच्या पंधरा वर्षांत त्याने अकरा सिनेमे केले. माझे नाव कुणी विचारले नाही, पण प्रत्येक दृश्यानंतर लेआन्द्रो सदऱ्याच्या टोकाने माझा डोळा पुसायचा आणि त्यावरून बहिणीची बोलणी खायचा. ते दिवस आठवले की मला अजून भरून येते.

आठव्या सिनेमात तो पिंपांच्या उतरंडीवरून घसरला आणि त्याचा डावा गुडघा गेला. तीन महिन्यांनी तो उठला, "काही झालं नाही" म्हणाला आणि पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. पण आजूबाजूला कुणी नाही असे पाहून तो पायऱ्या कडेने, भिंतीला धरून उतरायचा. एर्मिनियाने ते पाहिले आणि मूग गिळून बसली. मात्र त्या दिवसापासून तिची गुणगुण संथ झाली. माझी मूठ आधी किंचित हळू आणि मग सिनेमागणिक आणखी थोडी हळू फिरू लागली. माझ्यासमोर तो जड पायांनी धावे, पडद्यावर मात्र वाऱ्यासारखा पळे. वेग इतका बेताबेताने उतरला, की त्याच्या कानांनाही फरक कळला नाही.

"बघितलंस?" थिएटरातून परतल्यावर तो बहिणीला म्हणे. "कोण म्हणेल चाळिशी आली?"

"कुणीच नाही," ती म्हणे आणि माझ्या अंगावरची धूळ पुसत बसे.

हे खोटे मायेपोटी होते, हे मी शपथेवर सांगतो. पण खोटे ते खोटेच आणि ते एक दिवस अंगाशी आले.

१९२९ साली बोलपटांची बातमी बंदरात येऊन थडकली. थिएटरचा मालक बाल्दोमेरो घरी आला आणि एवढा एक मुका सिनेमा करून आवरते घ्यावे म्हणाला. लेआन्द्रोने होकारार्थी मान डोलावली.

"मग शेवट दणक्यात करू," तो म्हणाला. "ती उडी. तेच डबे, तीच टोपली."

बाल्दोमेरोने दुसऱ्याच दिवशी टेकडीभर जाहिरातीचे कागद चिकटवले. घरात मात्र जेवताना एर्मिनियाचा घास तोंडातच फिरू लागला. ताटात घेवड्याची उसळ निवत होती.

"उडी नको, लेआन्द्रो."

"का?"

"डबे जुने झालेत आता."

"डबे झाले असतील. मी झालोय का? परवा पडद्यावर बघितलंस ना मला? तेव्हापेक्षा चपळ आहे मी."

"पडदा वेगळा आणि..."

"आणि काय?"

तिने पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. "काही नाही. खा."

कोपऱ्यातून मी सारे ऐकत होतो. तिने खरे सांगावे, तर पाच वर्षे लोक ज्याच्यावर हसले तो चपळपणा त्याचा नव्हता, बहिणीच्या मनगटाचा होता, हे त्याला कळणार. ते ऐकून तो माणूस मनातून खचला असता. सांगू नये, तर तो त्या घळीत पडणार. तिने काय करावे, मित्रांनो? मला तर सुचले नाही.

रविवारी रुळांलगतच्या पायऱ्यांवर माणूसच माणूस होते. अर्ध्या वाटेवरच्या खडकावर मला उभे केले होते. डबे निघाले. उतरत्या डब्याच्या दारात लेआन्द्रो टोपली घेऊन उभा, डावा पाय किंचित वाकडा. एर्मिनिया मूठ फिरवत होती आणि तिचा तळवा घामाने निसटत होता. डबे समोरासमोर आले. त्याने गुडघा वाकवला आणि तेवढ्यात माझी मूठ थांबली.

टकटक बंद झाली तशी त्याने झेप आवरली. डबे एकमेकांना ओलांडून गेले.

"अडकला," एर्मिनिया ओरडली.

"पुन्हा घे," तो खालून ओरडला.

दुसऱ्या खेपेलाही मी त्याच जागी थांबलो. तिसऱ्या खेपेला लोक हसू लागले. बाल्दोमेरो धापा टाकत खडकावर आला.

"आता काय झालं, सेन्योरिता एर्मिनिया?"

"आतली चक्रं गेली. इथे दुरुस्त व्हायची नाहीत."

तो पोचायच्या आत तिने माझी कूस उघडून आतली फिल्म मुठीत धरून चुरगाळली होती. मागोमाग लेआन्द्रो लंगडत आला. त्याने ती चुरगळलेली फिल्म पाहिली आणि माझ्या तिवईला लाथ मारली.

"डबडं मेलं! पंधरा वर्षं पुसलं याला आणि आजच घात केला."

मग तो पायरीवर बसला आणि टोपली मांडीवर घेऊन रडला. ती त्याच्या आयुष्यातली शेवटची गर्दी होती. घरी आल्यावर एर्मिनियाने मला आपल्या शालीत गुंडाळले, ट्रंकेत ठेवले आणि झाकण लावताना हळूच म्हणाली, "तू तरी मला माफ कर."

पुढे सिनेमा बोलू लागला आणि लेआन्द्रोला कुणी बोलावले नाही. त्याने त्याच डब्यांवर नोकरी धरली, फाटक लावायची आणि घंटा वाजवायची. वीस वर्षे रोज ते दोन डबे एकमेकांना ओलांडताना तो पाहत होता आणि नव्या उतारूंना सांगत होता, की इथे मी दुसऱ्यांदा उडी मारणार होतो, पण कॅमेऱ्याने दगा दिला. बाल्दोमेरोने अकराही सिनेमे कंगवे बनवणाऱ्या कारखान्याला देऊन टाकले. फिल्म वितळवून कंगवे होतात. लेआन्द्रोने बाजारातून तसला एक कंगवा आणला.

"यात माझी एखादी उडी असेल," तो म्हणायचा आणि उरलेले चार केस विंचरायचा. एर्मिनिया त्यावर कधी हसली नाही.

बत्तीस वर्षांनी, भंगारवाल्याला द्यावे म्हणून लेआन्द्रोने मला ट्रंकेतून काढले. द्यायच्या आधी सहज मूठ फिरवली. टक, टक, टक. कुठे अडले नाही. त्याने पुन्हा फिरवून पाहिले. मग माझी कूस उघडली, चुरगळलेली फिल्म बाहेर काढून उजेडात धरली आणि तिच्या भोकांवरून बोट फिरवले. चक्रात अडकलेली फिल्म भोकांशी फाटते. ही कुठेच फाटली नव्हती.

त्याने फिल्म बाजूला ठेवली. मग आईची ती चाल गुणगुणत त्याने मूठ फिरवली, आधी नेहमीच्या वेगाने, मग हळू, मग आणखी हळू, शेवटच्या सिनेमांत ती गुणगुणायची तशी. तिथे मूठ सोडून त्याने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाहेर एर्मिनिया धुण्याची बादली घेऊन दोरीकडे निघाली होती. वय पंच्याहत्तर. वर जायला चौदा पायऱ्या. एक हात भिंतीला आणि दर पायरीला दम. लेआन्द्रोने मला खिडकीत ठेवले आणि माझा डोळा तिच्याकडे वळवला.

टकटक कानी पडली तशी ती जागच्या जागी थबकली. तिने मागे वळून पाहिले नाही.

"काय करतोयस?"

"थांबू नकोस. चढ."

"आत फिल्म नाहीये, वेड्या."

"माहीत आहे."

ती कान देऊन टकटक मोजत राहिली.

"फार हळू फिरवतोयस," ती म्हणाली.

"तुझ्याकडूनच शिकलो. चढ तू, एर्मी. पडद्यावर तू धावत वर जाणार आहेस."

तिने ओल्या उशीच्या अभ्र्याने डोळे पुसले आणि पुढची पायरी चढली. ती वर पोचेपर्यंत त्याने मूठ थांबवली नाही. मग सदऱ्याच्या टोकाने माझा डोळा पुसला. भंगारवाला आला तसा परत गेला.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. एखादी जुनी वस्तू बिघडली म्हणून टाकून देण्याआधी तिला एकदा हात लावून पाहा. कदाचित ती कुणासाठी तरी गप्प बसली असेल. आणि घरातले एखादे माणूस भिंतीला धरून जिना चढत असेल, तर मागून घाई करू नका. तेवढा वेळ तुमची मूठ जरा हळू फिरवा.