अर्धा हात उणा, तिहाई अधिक

"सुले, खरं बोल. विहिरीचं पाणी गेलं कुठं?"

मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर अहल्या पदर खोचून उभी होती. खाली तिची धाकटी जाऊ सुलू हंडा घासत होती, ती राखेच्या हातानं तशीच उठली.

"मला काय विचारता, जाऊबाई? मी काय प्याले?"

शिप्रेच्या पलीकडं, उज्जैनपासून कोसभरावर दोघींची शेतं; मधे विहीर एकच. अहल्येचा नवरा गेला त्याच साली शिंद्यांचं राज्य मध्यभारतात मिसळलं. राज्यं एक झाली, घराची मात्र दोन झाली. दुपारपर्यंत अहल्येची मोट, दुपारनंतर दिराची, गोपाळकृष्णाची. दोन्ही मोटांनी मिळून दिवसात अर्धा हात पाणी उतरायचं, रात्रीतून झरा तिहाई, म्हणजे हाताचा तिसरा हिस्सा, भरून द्यायचा. अर्ध्यात नि तिहाईत अंतर ते किती, मांजराच्या मिशीएवढं, असं अहल्या धरून चाललेली. आणि सोमवारी सकाळी ओढलेल्या चुन्याच्या रेघेखाली आज रविवारी सकाळी बघते तर हातभर दगड उघडा!

पौषाचं कोरडं वारं सुटलेलं. काळ्या रानाला बोट जाईल अशा भेगा. गहू पोटरीला आलेला, आता पाणी तुटलं की दाणा पोचट. अहल्येला मग जिकडंतिकडं चोरच दिसू लागला. दिराचा बांध ओला कसा? सुलूनं गोधड्या आत्ताच का धुतल्या? रात्री कुत्रं भुंकलं नाही, म्हणजे येणारा घरचाच!

"डाळीत काळं हाय," ती म्हणाली. "कुंपणच शेत खातंय."

गोपाळकृष्ण बैल सोडून आला. "मला चोर म्हणता, वहिनी? मला तर तुमचाच शक होता!"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"थांबा हो दोघं," सुलू म्हणाली. तिचं माहेर उज्जैन शहरात देवास गेटजवळ, चार यत्ता शिकलेली. तिनं हातभर सुतळी घेतली, तिचे सहा सारखे भाग करून गाठी मारल्या. "उतरलं ते उणं, चढलं ते अधिक. पण अर्ध्यात तिहाई अशी मिळवता येत नाही. दोघांना एका मापात आणायला पायजे. अर्धा हात म्हणजे तीन गाठी, त्या उण्या. तिहाई म्हणजे दोन गाठी, त्या अधिक. उरलं काय?"

"एक गाठ," गोपाळकृष्ण पुटपुटला. "उणी."

"रोजची एक. सहा रोजांत अख्खा हात. चोर कशाला लागतो?"

"गाठी तुझ्या नि हिशोबही तुझा," अहल्येनं सुतळी हिसकावली. "मीच मापीन."

तिनं मापलं. सांजेला तीन गाठी खाली, सकाळी दोन वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चोर नाही म्हणून हायसं वाटायचं, तर ती बोटांवर दिवस मोजू लागली. रोज एक गाठ उणी, तर फाल्गुनाच्या आत विहिरीचा तळ दिसणार.

"दोन्ही मोटांनी मिळून दोनच गाठी ओढायच्या," ती म्हणाली. "आपण दोन उण्या, झरा दोन अधिक. बरोबरी."

"मी कमी ओढलं नि तुम्ही कमी केलं नाही, तर?" दीर म्हणाला.

"तर येऊन बस ना विहिरीवर!"

तो खरंच बसला. सकाळी तो तिच्या मोटेवर नजर ठेवून, दुपारनंतर ती त्याच्या. दोघांचे डोळे वटारलेले. पण एकमेकांवर पहारा ठेवता ठेवता पाणी होतं तिथंच टिकलं. गहू कमरेएवढा नाही झाला, पण दाणा भरला.

फाल्गुनात अहल्येनं ओंब्या भाजल्या, सुपात घालून सुलूपुढं ठेवल्या.

"घे."

सुलूनं सुपाकडं पाहिलं, मग जावेच्या तोंडाकडं. "आधी तुम्ही खा, जाऊबाई."

अहल्येनं गरम ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, मूठभर दाणे तोंडात टाकून सावकाश चावले नि गिळले. सुलू शेवटपर्यंत बघत राहिली. मग सूप आपल्याकडं ओढत म्हणाली, "मीठ आणू का?"