बरणीकाकाचा प्रश्न

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरशास्त्र विभागात त्याला सगळे बरणीकाका म्हणत. वय जेमतेम तिशीचं, पण काचेच्या बरण्यांतली हृदयं, फुप्फुसं आणि दोन डोक्यांचं एक वासरू यांची देखभाल त्याच्याकडे, म्हणून काका. फॉर्मालिन हाताळून हाताळून त्याच्या बोटांची सालं निघाली होती. झाकण उघडलं की डोळे चुरचुरत आणि घसा खवखवे. हे पाणी मेलेल्याला टिकवतं आणि जित्याला जाळतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

मुलगी झाल्यावर मेव्हण्याने फोनवर मेसेज पाठवला, लहान मुलांच्या लशीत काय काय घालतात त्याचा. त्यात फॉर्मल्डिहाइड हा शब्द दिसला आणि बरणीकाकाच्या पायाखालची जमीन सरकली. बाकीचे शब्द त्याच्या डोक्यावरून गेले. हा एक मात्र त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं तेच.

"आपल्या ठकूच्या मांडीत हे टोचायचं?" तो बायकोला म्हणाला. "मी आता हातमोजे घातल्याशिवाय हात लावत नाही त्याला."

"अहो, पण डॉक्टरांना एकदा विचारू या की."

"त्या म्हणणार, काही होत नाही. बरण्या मी भरतो, त्या नाही."

फिनेल असो की खोकल्याचं औषध, बाटलीतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल या घरात शेवटचा शब्द त्याचाच. पहिला डोस टळला, मग दुसराही टळला. 'जरा मोठी होऊ दे' हे वाक्य दोघांच्याही तोंडी बसलं. घाबरलोय म्हणण्यापेक्षा ते बरं वाटायचं, दुसरं काय.

मग खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा मुलगा खोकायला लागला. उबळ आली की ओकारी होईपर्यंत थांबायची नाही. डॉक्टरांनी डांग्या खोकला सांगितला. हा मुलगा गेल्याच आठवड्यात ठकूच्या तोंडाला तोंड लावून तिचे पापे घेत बसला होता. ते बरणीकाकाला आठवलं. आठ दिवसांत ठकूचं नाक वाहू लागलं, मागोमाग बारीक खोकला आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासली, शिंप्याच्या मुलाची हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "हिचे डोस झालेत ना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि चार महिने पोटात ठेवलेला प्रश्न एकदाचा विचारला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "तुमची शंका बरोबर आहे. जंतूंचं विष निकामी करायला ते वापरतात, मग काढून टाकतात. मागे राहतं ते अगदी किंचित. हिच्या रक्तात त्याच्या कितीतरी पट जास्त आत्ताच आहे. ते आपलं शरीरच तयार करतं."

बरणीकाकाला बेडकाची बरणी आठवली. फॉर्मालिन संपत आलं म्हणून एकदा त्याने साधं पाणी थोडं जास्त घातलं होतं. तेवढ्यानेच बेडूक कुजला, विभागभर घाण सुटली आणि सरांनी त्याची खरडपट्टी काढली. किती घातलंय यावर सगळं असतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पहिल्याच दिवशी हे कोणी सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं. पण त्यासाठी कोणाला विचारायला तर हवं होतं.

"मग टोचा," तो म्हणाला. "राहिलेले सगळे आजच टोचा."

"सगळे एकदम नाही देता येत, आज फक्त पहिला देऊ. आणि लस पुढच्यासाठी असते. या खोकल्यावर तिचा आज उपयोग नाही, त्याला मी वेगळं औषध देते."

नर्सने बर्फाच्या पेटीतून लशीची बाटली काढली आणि तेवढ्यात ठकूला उबळ आली. ती खोकत राहिली, मध्ये श्वास घ्यायला जागाच नव्हती. तोंड लाल झालं, मग ओठ निळे पडले आणि आवाजच बंद झाला. इतकं गप्प पडलेलं शरीर त्याने फक्त कामावर पाहिलं होतं.

डॉक्टरांनी तिला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि आत नेऊन तोंडावर ऑक्सिजन धरला. कितीतरी वेळाने बारीक शिटीसारखा आवाज करत श्वास आत गेला.

"हिला मोठ्या रुग्णालयात हलवायचं, आत्ताच. मी बरोबर येते."

बायको त्यांच्यामागे धावली. बरणीकाका नर्सपाशी घुटमळला. "सिस्टर, जाता जाता टोचून द्या ना. मी धरतो तिला."

"आज नाही हो, दादा. आधी तिला नीट श्वास घेऊ दे." नर्सने बाटली पेटीत ठेवली आणि झाकण दाबून लावलं.

तो गाडीत चढला तेव्हा ठकू आईच्या मांडीवर होती. छोट्याशा मास्कखाली तिचं अर्धं तोंड झाकलं गेलं होतं.

"ही वाचेल ना?" बायकोने विचारलं.

तो सवयीने तोंड उघडणार होता. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती डॉक्टरांकडे बघत होती आणि डॉक्टर अजून काही बोलल्या नव्हत्या.