कौशल्याबाईंची कामसू सून

"हालू नको," म्हणत कौशल्याबाईंनी रीनाच्या कपाळावर टिकली दाबून बसवली आणि जरा मागे सरून पाहिलं.

रीना खाटेवर आडवी होती. वेणी आडवं असतानाच घालून झाली होती, पावडरही तशीच लागली होती. साडी नेसायची वेळ आली तेव्हा मात्र उठणं भाग होतं. ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली आणि सासूने तिच्याभोवती फिरून फिरून नवी मोरपंखी साडी नेसवली, निऱ्या खोचल्या, पदर सारखा केला.

"आई, घरातली साडी नाही चालत का? डॉक्टरकडे जाऊन राहिलो, लग्नाले नाही."

"काहून? दवाखान्यात का दरिद्र्यावाणी जायचं? चार लोक पाहतात."

"डॉक्टरनं पाहिलं तरी पुरे आहे."

"तो तं पाहीलच."

रीना हसली आणि पुन्हा खाटेवर टेकली. आंधळगावहून तुमसरला जायचं म्हणून आठवडाभर तिने पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेतलं नव्हतं. ताकद अशी साठवायची, मग एक दिवस बाहेर पडायचं, हा आता घरचा रिवाजच झाला होता. त्यात एक मोठीच गंमत होती. डॉक्टरसमोर बसलेली रीना ताजीतवानी दिसायची, आणि घरी परतल्यावर जी आडवी व्हायची ती कित्येक दिवस उठायची नाही. तेव्हा तिला पाहायला कोणता डॉक्टर येणार!

दोन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण अंगातली सगळी शक्ती घेऊन गेला. एक दिवस धुणं धुतलं की दुसऱ्या दिवशी केसांत कंगवा फिरवायला हात उठायचा नाही. रात्रभर झोपून सकाळी उठावं तर रात्रभर खाणीत दगड फोडल्यासारखं अंग. रक्त तपासून झालं, थायरॉइड झालं, सोनोग्राफी झाली, नागपूरची वारीही झाली. सगळं नॉर्मल. एकाने टॉनिक लिहून दिलं. एकाने हसत हसत सांगितलं, मन रमवा. एकाने रोज सकाळी फिरायला सांगितलं. रीना शहाण्या मुलीसारखी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायला लागली, आणि थोड्याच दिवसांत प्रवीणने, तिच्या नवऱ्याने, तिला त्याच पाळीवरून मोटरसायकलवर बसवून, दुपट्ट्याने आपल्या पाठीला बांधून घरी आणलं. त्यानंतर महिनाभर खाट.

"आई," रीना छताकडे बघत म्हणाली, "या वेळेस पण नॉर्मल निघालं ना, तर मी मानून घेईन."

"काय मानून घेशील?"

"का मी आळशीच आहो म्हणून. इतके शिकलेले लोक सांगून राहिले, तं माहंच चुकत असंल."

कौशल्याबाईंनी उगाच पदराने तिच्या गालावरची पावडर पुसली आणि पुन्हा लावली.

आता कौशल्याबाईंबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाई मनाने लोण्याच्या, पण घराच्या नावाला जिवापलीकडे जपणाऱ्या. सून कामाला नाही असं कुणी म्हटलेलं त्यांना सहन झालं नसतं. म्हणून त्या उजाडायच्या आधीच अंगणात सडा टाकायच्या, भांडी घासायच्या, भाकरी थापून ठेवायच्या आणि दिवसभर मोहल्ल्यात सांगत हिंडायच्या, "आमच्या रीनानं पहाटेच सगळं आटोपलं, बाप्पा! मले हातच लावू देत नाही." दोन वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं होतं. वय सत्तरीचं, गुडघे कुरकुरणारे, पण सुनेच्या कामसूपणाची कीर्ती वाढतच चालली होती. रीना ते ऐकून लाजेने अर्धमेली व्हायची. थांबवायला मात्र तिच्यात ताकद नव्हती.

काळीपिवळी जीप दारातच आली. वाटेत रीना ताठ बसली, कारण सासूबाईंचा हुकूम होता, गाव सुटेपर्यंत मान टाकायची नाही. गाव सुटलं तरी तिने मान टाकली नाही. सवय झाली होती.

तुमसरला एका औषधांच्या दुकानामागच्या खोलीत नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई बुधवारी बसत. प्रवीण कामाला होता त्या खाणीवरच्या कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं होतं, आणि नंबर लागायलाच दोन महिने गेले होते. खोली लहान. गर्दी आवरावी म्हणून पुढच्या नंबरच्या पेशंटलाही आतच बाकावर बसवून घेत. एक बोलतोय, दुसरा ऐकतोय, असा सगळा मोकळा कारभार.

रीनाचं नाव पुकारलं. दोघी आत गेल्या, खुर्च्यांवर बसल्या, आणि मागून पुढचा नंबर आत येऊन बाकावर टेकला. कौशल्याबाईंनी वळून पाहिलं तर, शकुनबाई! त्यांच्याच गल्लीतली, समोरच्या घरातली. आंधळगावात एखादी गोष्ट शकुनबाईला कळली की ती लाउडस्पीकरवर सांगायची गरज उरत नसे.

"अगाई, मावशी, तुम्ही पण?" शकुनबाई गुडघा चोळत म्हणाली. "कोन बिमार आहे?"

"कोनी नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "असंच, दाखवाले आनलं."

डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली. एकेक रिपोर्ट उलटत गेल्या. मग रीनाकडे पाहिलं, मोरपंखी साडी पाहिली, सरळ बसलेली पाठ पाहिली.

"काय होतं?"

"थकवा येतो," रीना म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"घरातली कामं कोण करतं?"

रीनाने तोंड उघडलं. पण कौशल्याबाईंची जीभ दोन वर्षांच्या सरावाची, ती आधी सुटली.

"सगळं हीच करते मॅडम! सडा, स्वयंपाक, भांडे. मले हात लावू देत नाही."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे कामं होतात. रिपोर्टही सगळे चांगलेच आहेत." त्यांनी पेन उचललं.

रीनाने सासूकडे पाहिलं नाही. ती टेबलावरचे कागद गोळा करायला लागली. एकावर एक ठेवून, कडा जुळवून, अगदी नीट. आणि ती हसत होती. तक्रार नाही, राग नाही. एखादीने हिशेब मान्य करून टाकावा तसं शांत हसू. "बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली. "आराम जास्त झाला मले, त्याच्यानंच होत असंल. उगाच तुमचा वेळ घेतला."

कौशल्याबाई खुर्चीतच पुढे सरकल्या. पोरगी मानून चालली होती! त्यांनी एकदा मागे बाकाकडे पाहिलं. शकुनबाई गुडघा चोळायची थांबली होती. कौशल्याबाईंनी मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि जुळवलेल्या कागदांवर आपला हात दाणकन ठेवला.

"लिहू नका मॅडम. खोटं बोलली मी."

"म्हणजे?"

"ही काहीच नाही करत. दोन वर्ष झाले, हिनं भाकर नाही थापली. सडा मी टाकतो, भांडे मी घासतो, हिचे केससुद्धा मीच विंचरतो. आज ही अशी दिसून राहिली ना तुम्हाले, ते आठवडाभर खाटेवर ठेवून आनली म्हणून. पावडर मी लावली. उद्या येऊन पहा हिले! उद्या हिले उजेड सहन नाही होत, बोललेलं सहन नाही होत. आनि ही काम करता करता नाही पडत मॅडम, काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी पडते. मी डोळ्यानं पाहतो ना!"

शेवटचं वाक्य इतकं मोठ्याने निघालं की बाहेरच्या रांगेतली कुजबुज थांबली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली.

"दुसऱ्या दिवशी?" त्यांनी रीनालाच विचारलं. "लगेच नाही?"

हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. रीना आधी अडखळत, मग सरळ बोलायला लागली. धुण्याचं सांगितलं, पाळीवरच्या फिरण्याचं सांगितलं, नुसतं पाहुण्यांशी तासभर बोलल्यावर काय होतं तेही सांगितलं. मधेच एखादा शब्द सुचला नाही की कौशल्याबाई पुरवत होत्या. डॉक्टरीणबाईंनी तिला आडवी करून नाडी मोजली, उभी करून मोजली, पुन्हा बसवलं. रांगेतल्या एकाने डोकावून पाहिलं तर त्याला हातानेच परतवलं.

"याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात," त्या शेवटी म्हणाल्या. "रिपोर्टमध्ये दिसत नाही, पण आजार खरा आहे. आळशी माणूस काम टाळतो, काम केलं म्हणून असा आजारी पडत नाही."

रीना बघतच राहिली. "म्हणजे... मले खरंच काही झालं आहे?"

"हो."

"खरंच?"

"एवढ्या आनंदानं विचारणारी पेशंट मी पहिल्यांदाच बघते," डॉक्टरीणबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "यावर बरं करणारी गोळी नाही, ते आधीच सांगते. झोपेसाठी, दुखण्यासाठी औषध देईन. बाकी, ताकद संपायच्या आतच थांबायचं. कुणी कितीही सांगितलं तरी जबरदस्तीनं फिरायला जायचं नाही. आणि पुढच्या वेळी एवढ्या लांब आणू नका. मोबाईलवर व्हिडिओ कॉल करा. खाटेवर असेल तशी दाखवा."

"बिना पावडरची?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"बिना पावडरची."

शकुनबाईचा गुडघा दाखवून होईपर्यंत परतीची काळीपिवळी भरत आली होती. मागच्या लांब बाकावर जागा मिळाली खरी, पण आता रीनाची मान टिकेना. चेहरा पांढरा पडायला लागला. आंधळगावची माणसं गाडीत होती, ओळखीची तोंडं होती. कौशल्याबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"सरका जरा तिकडे," त्या म्हणाल्या. "माही सून बिमार आहे. तिले झोपू द्या."

माणसं सरकली. त्यांनी रीनाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. शकुनबाईने तिचे पाय उचलून आपल्या मांडीवर ठेवले. गाडी सुरू झाली.

"आता सांगजो गावभर," थोड्या वेळाने कौशल्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "सांग, का कौशल्याबाईनं दोन वर्ष सगळ्यायले फसवलं म्हणून."

"कोनाले फसवलं वो, मावशी?"

"तुम्हाले. साऱ्या मोहल्ल्याले."

शकुनबाई साडीवरची नसलेली धूळ झटकत म्हणाली, "सकाळी अंगणात सडा पडते तं रीनाच्या बांगड्या नाही वाजत, मावशी, तुमचा खोकला वाजते. समोरच तं राहतो आम्ही. साऱ्या गल्लीले माहीत आहे."

"सगळ्यायले?"

"पहिल्या दिवसापासून. म्हटलं, म्हातारीले बरं वाटते तं म्हनू द्या. तुम्ही सांगाल तवा सांगाल."

कौशल्याबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत. त्या बाहेरची धानाची कापलेली शेतं बघत राहिल्या. मग एकदम काहीतरी आठवून वळल्या.

"मंग तुह्या पोरीच्या, रुपाच्या साखरपुड्यात मी करंज्या पाठवल्या होत्या, रीनानं केल्या म्हणून, त्या खाऊन तुम्ही सगळ्या म्हनत होत्या, सुनेच्या हाताले काय चव आहे..."

"ते तं तुमचं मन राखासाठी, मावशी. लय कडक झाल्या होत्या. आमच्या सासऱ्यानं चहात बुडवून खाल्ल्या."

मांडीवर रीनाचे खांदे हलायला लागले. पोरगी रडते आहे असं वाटून कौशल्याबाईंनी घाईने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. ती डोळे मिटून हसत होती, आवाज न करता, पुरवून पुरवून.

"हास," त्या म्हणाल्या. "पन थोडंच हास."