दोन बोटं ढील

शिवणकाकूंनी त्या माशांना पहिल्या दिवसापासून पाण्यातच पाहिलं होतं. मशीनशेजारची कापड ठेवायची हक्काची जागा त्या काचेच्या टाकीने बळकावली, तेव्हा दोन दिवस त्या नवऱ्याशी तोडून बोलत होत्या.

पण निदान नवरा बोलायला लागला, हे त्यांनाही मान्य करावं लागलं. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरी करून निवृत्त झालेला हा माणूस चार महिने खिडकीशी तोंड शिवून बसला होता. मग एके दिवशी पट्ट्यापट्ट्यांचे आठ चिमुकले झेब्रा मासे घेऊन आला आणि घरात पुन्हा आवाज झाला. रोज सकाळी माशांची मोजणी व्हायची. आठ भरले की चमच्याने टाकीच्या काठावर दोनदा टिंग टिंग, आणि "चला, पुढे सरका!" मग खाऊ. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या.

त्या सोमवारी सातच भरले. आठवा सापडला मशीनच्या पायडलखाली, चिंध्यांमध्ये, वाळून कडक झालेला. कंडक्टरांनी त्याला कुंडीत पुरलं आणि टिंग टिंग बंद झालं. तीन दिवस घरात फक्त मशीनचा आवाज. गुरुवारी जेवताना ते म्हणाले, "मासेवाल्याला फोन केलाय. उद्या संध्याकाळी सगळे परत देऊन येतो. आपल्याच्याने एवढंसुद्धा सांभाळून होत नाही." झाकणाची बादलीसुद्धा त्यांनी दाराशी आणून ठेवली.

मासे गेले तर जाऊ देत, पण हा माणूस परत त्या खिडकीशी जाऊन बसेल, ही काकूंची खरी धास्ती होती.

शुक्रवारी दुपारी ते जरा बाहेर पडले. काकूंनी लगेच गळ्यातली टेप काढली आणि टाकीचं माप घेतलं. "हलू नका रे," असं माशांनाही सवयीने म्हणून गेल्या. पडद्याची जाळी उरलेली होती. तिला चारी बाजूंनी पट्टी लावली, खाऊ टाकायला एका कोपऱ्यात चेन बसवली. अर्ध्या तासात टाकीचं टोपडं तयार! ते चढवून, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन त्या चहा टाकायला गेल्या.

परत येतात तो मशीनवरच्या अर्धवट झग्यावर एक मासा तडफडतोय.

हात ओला करून काकूंनी त्याला उचललं आणि पाण्यात सोडलं. तो तिरका तिरका तळाशी गेला. मग त्यांनी टोपड्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःला चार शिव्या हासडल्या. कडेने चांगली दोन बोटं फट होती. गिऱ्हाईक कोणीही असो, काकू दोन बोटं ढील ठेवणारच. माणूस जेवतो, बसतो, वर्षभरात सुटतो. टाकी कशाला सुटतेय?

त्यांनी टोपडं उसवलं, आत घेतलं, कडेने इलॅस्टिक ओवून घट्ट ताणून बसवलं. शिवाय चार बोटं पाणीही काढून टाकलं, म्हणजे उडी तेवढी खालून.

संध्याकाळी कंडक्टर आले ते थेट बादलीकडेच वळले. मग थबकले.

"हे काय?"

"टोपडं. आधी मोजून तर घ्या."

ते नाइलाजाने वाकले. "एक, दोन, तीन... सहा." तेवढ्यात पाणवनस्पतीमागून सातवा हळूच बाहेर आला आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. पण नवऱ्याची नजर हटली नाही.

"याच्या शेपटीला काय झालं?"

चेहऱ्यावरून विनातिकीट माणूस ओळखणाऱ्यापुढे खोटं बोलून काय उपयोग?

"उडी मारली त्याने. माझ्यामुळे. दोन बोटं ढील राहिली होती."

"तुझ्याकडून?"

"हो, माझ्याकडून. मग काय, मशीन विकून टाकू? उचलला, परत आत बसवला आणि टोपडं उसवून नीट केलं."

कंडक्टरांनी एक बोट टोपड्याच्या कडेत घालून पाहिलं, ते जाईना. मग ते बादली घेऊन उठले आणि काकूंचं तोंड उतरलं.

"कुठे निघालात?"

"पाणी आणायला. टाकी रिकामी झालीय, दिसत नाही?"

"अहो, ते मुद्दाम काढलंय! थेंबभर जरी घातलंत ना, तर बघा."

ते हसले. चार दिवसांनी हसले. बादली खाली ठेवली, मशीनवरची कात्री उचलली आणि टाकीच्या काचेवर दोनदा वाजवली.

"चला, पुढे सरका!"

मशीनपुढच्या स्टुलावर बसलेल्या काकू जरा सरकल्या आणि ते शेजारी बसले.