पाच हातांचं कूलंट

ते वाक्य चंद्रावतीने मांडवात मोठ्याने बोलायला नको होतं. "गाडीत कूलंट जरा कमी दिसतंय," एवढंच ती म्हणाली आणि चहाचा कप घेऊन खुर्चीत टेकली. आता लग्नघरात अमुक कमी आहे असं कुणी म्हणावं का? नारळ कमी म्हटलं तर चार घरांतून चार पोती येऊन पडतात. पण कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवायचं पाणी, काही नारळ नव्हे, असं तिला वाटलं.

चंद्रावती ही अंकिताची आत्या. वय त्रेपन्न, गाडी शिकून झालेले महिने आठ, गाडीचा रंग लाल. पनवेलच्या खांदा कॉलनीत तिचं घर आणि तिचा भाऊ काशीराम याचं घर भिंतीला भिंत लावून. काशीरामच्या लेकीचं, अंकिताचं, लग्न शनिवारी जासईच्या हॉलवर होतं. अंकिताने कधीचंच जाहीर करून टाकलं होतं की नवरी जाणार ती आत्याच्या गाडीतून, आणि गाडी चालवणार आत्याच. त्या घराण्यात आजवर नवरीची गाडी एकाही बाईने चालवली नव्हती. चंद्रावतीला इतका आनंद झाला होता की भाजी चिरतानाही ती तोंडाने हॉर्न वाजवायची.

काशीरामने मात्र अट घातली होती. "बाय, जासईचा रस्ता म्हंजे कंटेनरचा रस्ता. लग्नाआधी तुजी गाडी एकदा जरी बंद पडली, तर ष्टेरिंगवर भावेश बसंल." भावेश हा त्याचा मुलगा.

"चालंल दादूस," चंद्रावती म्हणाली होती. "बंद पडली तर मी टेम्पोत बसून भांड्यांबरोबर येन."

म्हणून तर गुरुवारी बॉनेट उघडून तिने पाणी, तेल, सगळं तपासलं, आणि ते वाक्य बोलून मोकळी झाली. चहा संपवून ती परेशभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. फळीवर हिरव्या, गुलाबी, निळ्या, पिवळ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. तिने एकेक बाटली साडी निवडावी तशी उजेडात धरून पाहिली.

"लाल गाडीला गुलाबी शोभंल ना?"

परेशभाईंनी कपाळाला हात लावला. "काकी, रंगावर जाऊ नका. रंग कंपन्या आपल्या मर्जीने टाकतात. दोन गुलाबी बाटल्यांत वेगवेगळा माल असू शकतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. आणि एकात दुसरा मिसळू नका, घट्ट होऊन बसतं."

एका बाटलीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं आणि उणे पस्तीस अंशांतही गोठणार नाही अशी हमी. चंद्रावती हसत सुटली. पनवेलात बर्फ! परेशभाईंनी गंभीरपणे समजावलं की तेच औषध उन्हाळ्यात इंजिनातलं पाणी उकळू देत नाही. हे मात्र तिला पटलं. पुस्तक वाचून येते म्हणाली, पण घरी पोचताच तिला कुणीतरी तांदूळ निवडायला बसवलं, मग पाहुणे आले, मग बांगड्यावाला आला. पुस्तक गाडीच्या खणात तसंच राहिलं.

शुक्रवारी हळद. चंद्रावती फुलं आणायला मार्केटला गेली आणि परतताना खांदेश्वर स्टेशनच्या अलीकडे इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा लाल रेघेकडे चढू लागला. तिने ताबडतोब कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेटमधून वाफ निघत होती. मागच्या सीटवर झेंडूच्या तीन टोपल्या, आणि पुढे चंद्रावती मनाशी घोकत बसलेली, "बंद पडली नाय, मी बंद केली. बंद पडली नाय, मी बंद केली."

ओळखीचा मेकॅनिक धर्मराज आला. गाडी गार होईपर्यंत त्याने कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावला नाही, तिलाही लावू दिला नाही. अर्ध्या तासाने झाकण उघडलं आणि दोघेही आत बघत राहिले. आत तपकिरी, दाट, गुठळ्या झालेलं काहीतरी होतं.

"काकी, ही कुळथाची पिठी कोणी ओतली यात?"

भावेशने टेम्पो आणून गाडी दोराने ओढत नेली. मांडवाच्या दारात लाल गाडी वळताना दिसली आणि बेंजोवाल्यांना वाटलं, नवरीची गाडी आली. त्यांनी जोरात सुरुवात केली. तीन म्हाताऱ्या नाचायलाही उठल्या. त्यांना थांबवायला पाच मिनिटं लागली.

धर्मराजने पाट्यावर हळद वाटणाऱ्या बायकांसकट सगळ्यांना गाडीभोवती गोळा केलं. "हे एकट्याचं काम नाय. खरं सांगा, कोणी कोणी ओतलं?"

मग भावेशची बायको हेतल पुढे आली. "आत्या, मी निळं टाकलं. माझ्या भावाच्या गाडीतलं उरलेलं. वाटीभरच."

"आई, मी गुलाबी," चंद्रावतीचा स्वतःचा मुलगा प्रितम म्हणाला. "तुला सरप्राइज."

"माजं पिवळं," भावेश म्हणाला. "आत्या, तुजी गाडी नाय चालली तर मना चालवावी लागंल. मंग वरातीत पुढं नाचणार कोण?"

मेंदीचे दोन्ही हात वर धरून अंकिताने कबूल केलं की तिने फक्त पाणी घातलं, तेही फिल्टरचं, मेंदी काढायच्या आधी. चंद्रावतीला चिडावं की हसावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"थांबा," धर्मराजने बोटं मोजली. "यात हिरवं बी हाय. ते कोणाचं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. काशीराम मांडवाचा खांब न्याहाळत होता.

"माजं," तो खांबाला म्हणाला. "काल तू बोललीस, कमी हाय. दुपारी टेम्पोतलं काढून घातलं."

"दादूस, तू? अरे, बंद पडली असती तर तू जिंकला असतास!"

"मना जिंकायचं व्हतं कवा?" काशीराम इतक्या जोरात ओरडला की बेंजोवाल्याच्या हातून एक ठोका पडला. अटीचं मात्र त्याने नाव काढलं नाही. चंद्रावतीनेही विचारलं नाही, कारण उत्तराची तिला भीती वाटली.

धर्मराज मात्र कामाला लागला होता. जुनं सगळं एका डब्यात काढून त्याने झाकण घट्ट लावलं. "हे गटारात नाय जाणार. गोड लागतं, कुत्र्यामांजराने चाटलं तर मरंल." मग बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्याचे कॅन आले. भरायचं, इंजिन चालवायचं, गार करायचं, काढायचं. पहिलं पाणी चहासारखं आलं, दुसरं ताकासारखं. लग्नाची गाणी म्हणायला आलेली धवलारीण भीमाबाई बसून कंटाळली होती, तिने गाडीलाच नवरी समजून गळा सोडला, आणि चौथ्या धुण्याला पाणी नितळ निघालं. मांडवात टाळ्या पडल्या. हेतलने बॉनेटला हळदीचं बोटही लावलं.

चंद्रावतीने चष्मा लावून, बोट ठेवून, पुस्तकातली ओळ वाचली. प्रितम पळत जाऊन नेमकी तीच बाटली घेऊन आला. कूलंट भरलं, इंजिन सुरू झालं, आणि सगळी वऱ्हाडी मंडळी खिडक्यांतून डोकी घालून काट्याकडे टक लावून उभी राहिली. काटा मध्यावर आला. थांबला. वीस मिनिटं जागचा हलला नाही. "जमलं!" धर्मराज म्हणाला, आणि बेंजोवाल्यांना या वेळी कुणीच थांबवलं नाही.

शनिवारी सकाळी अंकिता शालू नेसून मागे बसली. चंद्रावती चावी मुठीत घट्ट धरून गाडीपाशी उभी होती. भावेश फेटा बांधून तिथेच रेंगाळत होता. बापाच्या तोंडाकडे त्याचं लक्ष होतं, चंद्रावतीचंही. काशीराम चालत आला. त्याने भावेशला बाजूला केलं, फिरून डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि आत बसला. आठ महिन्यांत तो एकदाही तिच्या गाडीत बसला नव्हता.

"बस बाय," तो सीटबेल्टशी झटापट करत म्हणाला. "माजी पोर मागं हाय, मी तुज्या बाजूला हाय. आता आमाला दोघांना घेऊन चल."

चंद्रावती बसली. चावी फिरवली. मग दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ती तशीच थांबून राहिली.

"काय झालं?"

"काच पुसून घेते रे. समोरचं काय दिसत नाय."

काशीरामने खिशातून आपला नवा कोरा रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "काच साफ हाय, बाय. डोळं पूस."