इंजिनातला बिघाड

फ्रान्सच्या बाजूने लढायला अमेरिकेहून आपणहून आलेला हॉलिस विमान उतरवून जागेवरच बसून राहिला. गोळी लागली की काय, म्हणून मी, त्याचा मेकॅनिक, धावत वर चढलो. तो गाढ झोपला होता. इंजिनात वंगण म्हणून घालायच्या एरंडेल तेलाचे शिंतोडे उडून तोंड काळंकुट्ट झालं होतं.

कॅप्टन आले. "व्हर्दूनच्या आघाडीवर जर्मन विमानं आलीत. उठव त्याला."

"इंजिनात बिघाड आहे, साहेब."

"आत्ता तर नीट उतरलं."

"उतरेपर्यंत नीट होतं."

ते हॉलिसकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुरुस्तीला संध्याकाळ होईल ना?" आणि स्वतःच्या विमानाकडे वळले.

संध्याकाळी ते परतले. तेही जागेवरच बसून राहिले; त्यांच्या आसनाचा पट्टा मलाच सोडवावा लागला.